चांगल्या कानाचा निकष : एका कानाचे बहिरेपण आणि अपंगत्वाच्या शासकीय व्याख्यांचा इतिहास

प्रस्तावना

२००१ च्या जनगणनेची प्रत्यक्ष गणना त्या वर्षीच्या फेब्रुवारी महिन्यात झाली. प्रगणकांना दिलेल्या सूचनांमध्ये श्रवणदोषाविषयी एक निःसंदिग्ध सूचना होती. एखाद्या व्यक्तीला एका कानाने ऐकू येत नसेल आणि दुसरा कान सामान्य असेल, तरी तिची नोंद श्रवणदोष असलेली व्यक्ती म्हणून करावी, असे त्यात सांगितले होते. पुढच्याच वर्षी, जुलै ते डिसेंबर २००२ या काळात, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण संघटनेने आपल्या ५८ व्या फेरीत अपंगत्वाची पाहणी केली. तिथे सूचना नेमकी उलट होती. श्रवणक्षमता चांगल्या कानावरून ठरवावी. एक कान पूर्णपणे बहिरा आणि दुसरा सामान्य असल्यास त्या व्यक्तीला सामान्य समजावे. म्हणजे एकाच देशात, एकाच शासनाच्या दोन यंत्रणांच्या लेखी, तीच व्यक्ती दीड-दोन वर्षांच्या अंतराने अपंग ठरली आणि मग अपंग राहिली नाही. मधल्या काळात तिचा कान बरा झाला नव्हता.

या दोन सूचनांतील विसंगतीची फारशी चर्चा झालेली आढळत नाही. आकडेवारीवरही तिचा दृश्य परिणाम शोधणे कठीण आहे. जनगणनेची व्याख्या अधिक व्यापक असूनही तिच्यात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या १२.६ लाख भरली, तर संकुचित व्याख्या वापरणाऱ्या नमुना सर्वेक्षणात ती ३०.६ लाखांच्या घरात गेली. २००१ च्या जनगणनेने श्रवणयंत्राच्या साहाय्याने ऐकू शकणाऱ्यांना वगळले होते, हे त्याचे एक कारण; घरोघरी जाणाऱ्या प्रगणकाला मिळणारा वेळ आणि त्याचे प्रशिक्षण हे दुसरे. २०११ मध्ये प्रश्नाची मांडणी बदलून श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचा समावेश झाला आणि संख्या ५०.७ लाखांवर गेली. यावरून व्याख्येतील एखादा शब्द लाखो माणसांना आत घेऊ शकतो किंवा बाहेर ठेवू शकतो, हे स्पष्ट होते. एका कानाचे बहिरेपण असलेल्यांच्या बाबतीत हा शब्द कोणता होता, तो कोठून आला आणि इतका टिकाऊ का ठरला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

एक डोळा आणि एक कान

मराठीत एका डोळ्याने अंध असलेल्या माणसासाठी ‘काणा’, ‘एकाक्ष’ असे शब्द आहेत. ते हेटाळणीचे आहेत हे खरे. पण हेटाळणीसाठी का होईना, समाजाने त्या स्थितीची दखल घेतली. एका कानाने बहिरा असलेल्यासाठी असा रूढ शब्द नाही. तो एक तर ‘बहिरा’ असतो किंवा चारचौघांसारखा असतो. ब्रिटिशकालीन जनगणनांनीही १८७२ पासून १९३१ पर्यंत शारीरिक व्यंगांची मोजदाद केली, परंतु कानाच्या बाबतीत त्यांचे लक्ष मुख्यतः मुक्या-बहिऱ्या व्यक्तींवर होते. ज्याला बोलता येते आणि एका कानाने ऐकूही येते, तो त्या रकान्यात बसण्याचे कारणच नव्हते.

शरीराच्या हानीला टक्केवारी लावण्याची पद्धत भारतीय कायद्यात रुजली ती १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यामुळे. गिरण्या, खाणी, रेल्वे यांत जायबंदी झालेल्या कामगाराची कमाईची क्षमता किती घटली, हे त्याच्या पहिल्या अनुसूचीत अंकांनी सांगितले होते. एक डोळा गेल्यास ३० टक्के, अंगठा गेल्यास २५ टक्के, अंगठ्याचे एक पेर गेल्यास १० टक्के. श्रवणशक्ती कायमची आणि पूर्णपणे गेल्यास ५० टक्के. एका कानासाठी मात्र त्या यादीत नोंदच नव्हती. पुढे अनुसूचीचा विस्तार झाला. संपूर्ण बहिरेपण शंभर टक्के हानीच्या यादीत गेले आणि दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गमावल्यास ४० टक्के ठरले. बोटांच्या पेरांचे तपशील तर इतके वाढले, की वाचताना शवविच्छेदनाच्या पुस्तकाची आठवण व्हावी. एका कानाची जागा तरीही रिकामीच राहिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा विलीन करण्यात आला, तोपर्यंत त्याची जवळपास शंभर वर्षे उलटली होती.

ही उपेक्षा हेतुपुरस्सर होती असे मानण्याचे कारण नाही. १९२३ साली ऐकण्याची हानी मोजण्याचे सर्वमान्य साधन भारतात नव्हते. ‘डेसिबल’ हे एककही त्याच दशकात अमेरिकेतील दूरध्वनी संशोधनातून पुढे आले. मुंबईच्या नायर रुग्णालयात वाचा-श्रवणविषयक प्रशिक्षण आणि म्हैसूरची अखिल भारतीय संस्था या दोन्ही गोष्टी १९६० च्या दशकातील. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ सालची. तोवर बहुतेक ठिकाणी कुजबुज ऐकू येते का आणि नादकाटा किती वेळ ऐकू येतो, एवढ्यावरच काम भागत असे. शिवाय एका कानाच्या बहिरेपणाकडे वैद्यक प्रदीर्घ काळ संशयाने पाहत आले. भरपाईसाठी किंवा सैन्यातून सुटका व्हावी म्हणून एक कान बहिरा असल्याची बतावणी करणारे लोक असत, आणि त्यांना उघडे पाडण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभीच स्टेंगर चाचणी प्रचारात आली. आजही ती श्रवणतज्ज्ञांच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते.

पाचास एक

मापन यंत्रे आल्यावर दोन कानांच्या दोन आकड्यांतून एक आकडा कसा काढावा, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे सर्वाधिक प्रभावी उत्तर अमेरिकेत मिळाले. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी अँड ओटोलॅरिंगॉलॉजी या संस्थेने १९५९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत चांगल्या कानाच्या हानीला पाचाने गुणून त्यात वाईट कानाची हानी मिळवायची आणि बेरजेला सहाने भागायचे, असे ठरले. १९७९ च्या सुधारणेत वारंवारितांची निवड बदलली. पाचास एक हे प्रमाण कायम राहिले. ते प्रमाण कोणत्याही प्रयोगातून सिद्ध झालेले नव्हते. भरपाईचे दावे निकालात काढण्यासाठी तज्ज्ञांनी सहमतीने स्वीकारलेली ती एक सोय होती. या सूत्राने एक कान पूर्णपणे गेलेल्या व्यक्तीची हानी १०० भागिले ६, म्हणजे सुमारे १७ टक्के येते. वाईट कान शंभर टक्के निकामी असताना एकूण आकडा ४० पर्यंत जायचा असेल, तर चांगल्या कानाचीही २८ टक्के हानी झालेली असावी लागते.

भारतात शासकीय सवलतींच्या संदर्भात ‘चांगला कान’ हा निकष यापेक्षाही कडक स्वरूपात आला. १९७७ मध्ये केंद्र शासनाने क आणि ड गटांतील पदांत अपंगांसाठी ३ टक्के आरक्षण लागू केले. त्यासाठी वापरल्या गेलेल्या व्याख्येत कर्णबधिर म्हणजे चांगल्या कानात ९० डेसिबलपेक्षा अधिक हानी असलेली किंवा दोन्ही कानांनी पूर्ण बहिरी व्यक्ती. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने ही मर्यादा खाली आणली. संभाषणाच्या वारंवारितांमध्ये चांगल्या कानात ६० डेसिबल किंवा अधिक हानी, अशी व्याख्या कलम २ मध्ये आली. त्याच अधिनियमाने किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या व्यक्तीलाच ‘अपंग व्यक्ती’ मानले. १ जून २००१ च्या मार्गदर्शक सूचनांतील श्रवणदोषाची वर्गवारीही चांगल्या कानावरच बेतलेली होती. त्याच सूचनांत दृष्टीच्या कोष्टकात मात्र ‘एकाक्ष व्यक्ती’ असा वेगळा रकाना होता आणि त्यापुढे ३० टक्के लिहिलेले होते. एकाक्ष व्यक्तीलाही सवलती मिळत नव्हत्या, कारण ३० हे ४० पेक्षा कमी. तरी तिची हानी अंकाने मान्य झालेली होती.

१९७७ ते १९९५ या काळात डेसिबलची मर्यादा ९० वरून ६० वर आली, ही चळवळींची आणि तज्ज्ञांची मोठीच कमाई होती. परंतु ‘चांगला कान’ हे दोन शब्द त्या संपूर्ण प्रवासात जागचे हलले नाहीत. याचे कारण त्या व्याख्यांच्या प्रयोजनात आहे. १९७७ ची व्याख्या आरक्षणासाठी होती. १९९५ च्या अधिनियमाने तिच्याच धर्तीवरील व्याख्या अपंगत्वाची एकमेव कायदेशीर व्याख्या म्हणून स्वीकारली. मोजक्या जागा कोणाला द्याव्यात, हा एक प्रश्न. कोणाला ऐकण्यात अडचण आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कठोर असणे समजण्यासारखे आहे. श्रवणदोषासाठी राखीव असलेल्या एक टक्का जागांवर एका कानाने नीट ऐकू येणारे उमेदवार मोठ्या संख्येने आले असते, तर दोन्ही कानांनी बहिरे असलेले, खुणांच्या भाषेत शिकलेले उमेदवार स्पर्धेत मागे पडले असते. कर्णबधिरांच्या संघटनांना ही भीती वाटली असल्यास ती अनाठायी म्हणता येणार नाही. दोष झाला तो पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यालाही चिकटवण्यात.

दुसरी फाईल

एका कानाचे बहिरेपण शासनाला दिसतच नव्हते, असे म्हणणे मात्र वस्तुस्थितीला धरून होणार नाही. ते दिसत होते, पण दुसऱ्या फाईलमध्ये. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेच्या नियमांना जोडलेल्या शारीरिक तपासणीच्या विनियमांत कानासंबंधी एक तक्ता अनेक वर्षे छापला जात असे. त्यातील पहिलीच नोंद एका कानात ठळक किंवा पूर्ण बहिरेपण आणि दुसरा कान सामान्य, अशी होती. अशा उमेदवाराला डेसिबलच्या मर्यादेच्या अधीन राहून फक्त अतांत्रिक पदांसाठी पात्र ठरवले होते. दोन्ही कानांत काही प्रमाणात दोष, पण श्रवणयंत्राने सुधारणा शक्य, ही त्यानंतरची नोंद. आणि तिथे ठरावीक मर्यादेत तांत्रिक व अतांत्रिक दोन्ही पदे खुली होती.

हा तक्ता अपंगत्वाच्या व्याख्येशेजारी ठेवून वाचला म्हणजे त्याचा अर्थ लागतो. १९९५ च्या अधिनियमाखाली जी व्यक्ती सामान्य होती, तीच भरतीच्या वेळी वैद्यकीय मंडळासमोर उणी ठरू शकत होती. उणी ठरल्यावर तिला अपंग म्हणून दाद मागता येत नव्हती, कारण कायद्याने ती अपंग नव्हती. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढू नये, असे संरक्षण त्याच अधिनियमाच्या कलम ४७ ने दिले होते. यंत्राच्या घरघरीत किंवा आजारात एक कान गमावलेल्या कर्मचाऱ्याला त्या कलमाचा आधार घेणे अवघड होते. नाकारताना एक कान मोजला गेला आणि संरक्षण देताना तो मोजला गेला नाही.

विज्ञानाने काय सांगितले

दोन कान कशासाठी, या प्रश्नाचे पायाभूत उत्तर लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्येच दिले होते. एका बाजूने आलेला आवाज जवळच्या कानात किंचित आधी आणि अधिक तीव्रतेने पोहोचतो. वेळेतील हा फरक एक सहस्रांश सेकंदापेक्षाही कमी असतो. तरीही त्यावरून आणि तीव्रतेतील फरकावरून मेंदू आवाजाची दिशा ओळखतो. एक कान गेला म्हणजे ही तुलनाच संपते. मागून येणारी मोटार डावीकडे आहे की उजवीकडे, हे कळत नाही. गर्दीत कोणी हाक मारली तर माणूस भलतीकडे पाहतो. १९५३ मध्ये कॉलिन चेरी यांनी अनेक आवाजांच्या गलक्यातून एकच संभाषण वेगळे काढण्याच्या मानवी क्षमतेचा अभ्यास केला. हे वेगळे काढणे दोन कानांमुळे पुष्कळ सोपे होते, हे पुढील संशोधनाने दाखवले. शांत खोलीतील श्रवणालेखात यातले काहीच उमटत नाही. तिथे एकेका कानात एकेक शुद्ध स्वर सोडला जातो आणि चांगला कान पैकीच्या पैकी गुण मिळवतो.

शालेय वयातील मुलांबाबत १९८० च्या दशकापर्यंत सर्वसाधारण सल्ला असा, की मुलाला पुढच्या बाकावर, चांगला कान शिक्षकाकडे येईल असे बसवावे. आणखी काही करण्याची गरज नाही. १९८४ मध्ये अमेरिकेतील फ्रेड बेस आणि ॲन मेरी थार्प यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या समजुतीला धक्का दिला. एका कानाने बहिऱ्या असलेल्या, तपासलेल्या मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुले किमान एका इयत्तेत नापास झालेली होती. त्यानंतर ज्युडिथ ल्यू आणि इतरांनी भाषिक विकासाच्या चाचण्यांतही अशा मुलांचे गुण कमी पडत असल्याचे दाखवले. पंख्यांची घरघर, खिडकीबाहेरची वाहतूक आणि साठ-सत्तर विद्यार्थी असलेल्या आपल्याकडील वर्गात पुढचा बाक किती उपयोगी पडतो, हे अध्यापकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. मागच्या बाकावरून विचारलेला प्रश्न अशा विद्यार्थ्याला ऐकू येत नाही. त्याचे उत्तर तेवढे ऐकू येते.

जागतिक आरोग्य संघटनेची १९९१ पासून प्रचलित असलेली श्रेणीपद्धतीही चांगल्या कानावर आधारलेली होती. २०२१ च्या जागतिक श्रवण अहवालात संघटनेने ती बदलली आणि एका बाजूच्या श्रवणहानीला प्रथमच स्वतंत्र श्रेणी दिली. चांगल्या कानात २० डेसिबलपेक्षा कमी आणि वाईट कानात ३५ डेसिबल किंवा अधिक हानी, अशी ती श्रेणी आहे. जर्मनीत तर दुसरा कान सामान्य असताना एका कानाच्या पूर्ण बहिरेपणाला अपंगत्वाच्या शंभरांच्या मापावर २० अंक देण्याची पद्धत पूर्वीपासून रूढ आहे. तेवढ्याने तीव्र अपंगत्वाचे हक्क मिळत नाहीत, परंतु हानी कागदावर येते.

२०१६ नंतर

भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्यास २००७ मध्ये मान्यता दिली आणि त्याच्याशी सुसंगत असा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत केला. १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर गेले, आरक्षण ४ टक्के झाले. श्रवणदोषाच्या व्याख्येत ‘चांगला कान’ हे शब्द गेले. त्यांच्या जागी आले ‘दोन्ही कान’. अनुसूचीप्रमाणे दोन्ही कानांत ७० डेसिबल हानी असलेली व्यक्ती बधिर आणि ६० ते ७० डेसिबल हानी असलेली व्यक्ती श्रवणक्षीण. शब्द बदलले तरी एका कानाच्या दृष्टीने अर्थ तोच राहिला. ४ जानेवारी २०१८ च्या मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचनांनी पाचास एक हे सूत्र स्वीकारल्यामुळे वाईट कानाला सहाव्या हिश्शाचे का होईना, पण वजन मिळाले.

अधिनियमाची अधिक महत्त्वाची देणगी अनुसूचीत नसून कलम २ मध्ये आहे. त्याने तीन वेगवेगळ्या संज्ञा केल्या. अनुसूचीत नमूद केलेले ते विनिर्दिष्ट अपंगत्व, किमान ४० टक्क्यांचे ते लक्षणीय अपंगत्व आणि या दोहोंहून व्यापक अशी ‘अपंग व्यक्ती’. दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियविषयक उणीव असलेली आणि समाजातील अडथळ्यांमुळे इतरांच्या बरोबरीने पूर्ण सहभाग घेऊ न शकणारी, ती अपंग व्यक्ती. या शेवटच्या व्याख्येत टक्के नाहीत, डेसिबल नाहीत आणि किती कान हेही नाही. १९७७ पासून एकत्र बांधले गेलेले दोन प्रश्न येथे प्रथमच सुटे झाले. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे अधिकृतपणे स्पष्ट केले. प्रश्न परीक्षेतील लेखनिकाचा होता आणि दोष हाताच्या स्नायूंचा. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रानुसार ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या विशिष्ट तरतुदींपुरती आहे. वाजवी सोयीसुविधांचा हक्क व्यापक व्याख्येतील प्रत्येक अपंग व्यक्तीला आहे. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र शासनाने ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्या, लिहिण्यात अडचण येणाऱ्या परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

लेखनासाठी जे झाले ते ऐकण्यासाठी व्हायचे तर मार्ग बराच लांबचा आहे. एका कानाने बहिऱ्या विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत परीक्षकांनी त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसावे, कर्मचाऱ्याला बैठकीत टेबलाची विशिष्ट बाजू मिळावी, मुलाखतीत प्रश्न पुन्हा विचारण्याची मुभा असावी, असल्या मागण्यांना राखीव जागा लागत नाही आणि खर्चही जवळजवळ लागत नाही. लागतो तो एक कागद. केंद्र शासनाच्या वैश्विक ओळखपत्र योजनेत ४० टक्क्यांहून कमी अपंगत्वासाठी पांढऱ्या रंगाचे ओळखपत्र ठरवलेले आहे. त्यावरच्या श्रेणींना पिवळे आणि निळे. सूत्राने आलेले १७ टक्के या पांढऱ्या पत्रावर लिहिता येतील, असे गणित सांगते. पण अनुसूची दोन्ही कानांत ६० डेसिबलची अट घालते, आणि प्रमाणपत्राचा नमुना भरणाऱ्या डॉक्टरसमोर अनुसूचीतीलच नावे असतात. एका कानाचा श्रवणालेख हाती घेऊन आलेल्या माणसासाठी त्यातले कोणते नाव निवडायचे, हे त्या नमुन्यात लिहिलेले नाही.